आजीच्या पैठणीचा पदर पुन्हा विणून घ्यायचाय. नक्कल कुठे चुकली?

नगरवाली

नमस्कार मंडळी. इथे हातमाग जवळून माहीत असलेली माणसं आहेत म्हणून विचारते. जरा सविस्तर लिहिते, कारण मागच्या वेळी नुसते फोटो दाखवून मोकळी झाले आणि पैसे वाया गेले.

माझ्या आजीची पैठणी आहे, १९४६ सालच्या तिच्या लग्नातली. मूळ नऊवारी. आईला नऊवारीची सवय नव्हती, म्हणून १९७८ साली तिनं ती कापून सहावारी केली आणि उरलेल्या कापडाचा मला परकर शिवला. मी तेव्हा पाच वर्षांची. आजी दोन दिवस आईशी बोलली नव्हती म्हणे, पण परकर घालून मी समोर उभी राहिले तेव्हा तिनंच माझी दृष्ट काढली.

साडीचं अंग तपकिरी, जरा तांबूस. काठ हिरवे. पदरावर एका ओळीत चार बांगडी मोर, त्यांच्या वर आणि खाली असावलीची वेल, आणि अगदी कडेला मुनियांची, म्हणजे छोट्या पोपटांची, रांग. घड्यांवर रेशीम फाटायला लागलंय, त्यामुळे आता नेसता येत नाही. माघात मुलीचं लग्न आहे. तिला हीच साडी हवी होती. ते शक्य नाही, म्हणून तशीच दुसरी करून घ्यायची ठरवली.

गेल्या वर्षी एका दुकानात फोटो दिले. (गाव आणि दुकान लिहीत नाही.) 'हातमागाची, हुबेहूब' असं सांगून वीस दिवसांत साडी हातात दिली. लांबून छान दिसते. पण आजीच्या पदराशेजारी ठेवली आणि माझा चेहराच उतरला.

एक म्हणजे मोराभोवतीची बांगडी गोल नाही, उभट आहे, अंड्यासारखी. दुसरं, उलट्या बाजूला सगळीकडे कापलेले धागे आहेत आणि त्यात हातातल्या बांगड्या अडकतात. आजीचा पदर उलटा केला तरी सुलटाच वाटतो. तिसरी गोष्ट मला नीट सांगता येत नाहीये. नव्या पदराचं सोनं फिकट पिवळं, निर्जीव दिसतं. आजीच्या पदरात त्याच सोन्याला आतून ऊब आहे. दुकानदार म्हणाले, जुन्या जरीत खरं सोनं असायचं, म्हणून तसं. तेवढंच कारण असेल का?

आणि मुख्य म्हणजे असा पदर आज कुणी विणतं का? विणकराला नेमकं काय सांगायचं, काय दाखवायचं?

सुताचा_गुंता

ताई, ती सेमी पैठणी आहे, म्हणजे नक्षी यंत्रावर उठवलेली. वीस दिवस म्हटल्यावरच ओळखायला हवं होतं, पण दाखवणारा शपथेवर सांगतो तेव्हा गिऱ्हाईक काय करणार? माझ्या मावशीचंही असंच झालं. येवल्याला थेट विणकराच्या घरी जा आणि माग चालू असताना पाहा. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची नोंद असलेले विणकर तिथे भेटतील.

खड्डामाग

ताई, मी येवल्याचा. वडील मागावर होते, आजोबा मागावर होते, मी एकतीस वर्षं बसतोय. तुमच्या तीन तक्रारी वाचल्या. तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक करून लिहितो.

आधी उलट्या बाजूचं. कापडावर चित्र उठवायच्या दोन रीती. एका रीतीत यंत्र ठरवतं की कोणते ताण्याचे (म्हणजे मागावरचे उभे) धागे उचलायचे, आणि रंगीत बाणा (आडवा धागा) या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण जातो. मोर असेल तिथे तो वर दिसतो, मोर नसेल तिथे मागच्या बाजूला लोंबत राहतो. साडी उतरल्यावर ते लोंबते धागे कातरतात. तुमच्या हातात अडकतात ते हेच.

आमच्या रीतीत पदरावर काठापासून काठापर्यंत जाणारा धागा जवळपास नसतोच. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे बोटभर काडीवर गुंडाळलेलं रेशीम किंवा जर. पायाखालची पावडी दाबली की ताणा साधा एकाआड एक उघडतो, त्यात काही नक्षी नाही. मग डावीकडून सुरू करायचं. जरीची तिल्ली मोराच्या कडेपर्यंत न्यायची, तिथे निळ्या तिल्लीच्या धाग्यात तिचा फास अडकवायचा, जर तिथेच थांबते. निळा आपल्या हद्दीपर्यंत जातो, हिरव्याला अडकतो, थांबतो. असं करत उजव्या काठापर्यंत पोचलं की एक ओळ झाली. मग फणीचा ठोका. मग परत. चार मोरांच्या ओळीत चाळीस-पन्नास तिल्ल्या एका वेळी ताण्यावर लोंबत असतात आणि प्रत्येकीची जागा हाताला पाठ असावी लागते. कुठलाच रंग आपल्या जागेबाहेर जात नाही, मग मागे लोंबणार काय? म्हणून तुमच्या आजीचा पदर दोन्हीकडून सुलटा आहे.

घरी तपासायचं असेल तर मोराच्या मानेवर भिंग धरा. जिथे निळा संपून सोनं सुरू होतं, तिथे दोन धागे एकमेकांच्या बोटांत बोटं घातल्यासारखे दिसतील. काठ आणि अंग जुळतं तिथेही हेच. त्याला आम्ही कडियल म्हणतो. काठाचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे (बाणा वाहून नेणारे) चालतात, आणि दर ओळीला दोन्हीकडे गाठ पडते. म्हणून काठ अस्सल हिरवा राहतो. अंगाचा बाणाच काठातून आरपार गेला असता, तर हिरव्यात तपकिरी मिसळलं असतं.

आता बांगडी. ज्यानं तुमचा मोर कागदावर उतरवला त्यानं शाळेचा चौकोनी खान्यांचा कागद घेतला असणार. कागदावर गोल काढलेलं कापडावर गोल येत नाही. ताणा इंचाला किती धागे आणि बाणा इंचाला किती, हे बहुतेक वेळा सारखं नसतं. समजा ताणा इंचाला ८० आणि बाणा ६०. कागदावर ४० खाने रुंद, ४० खाने उंच अशी बांगडी काढली. विणल्यावर ती रुंदीला अर्धा इंच भरेल आणि उंचीला पाऊण इंचाला थोडी कमी. झालं तुमचं अंडं. गोल हवी असेल तर ४० धाग्यांना ३० ओळी धरायच्या. माझे वडील कागद वापरतच नसत. पहिली बांगडी विणून झाली की वाटीची कड तिच्यावर धरून बघत. मी मात्र आधी त्या मागाचा चार बोटं नमुना विणतो, धागे मोजतो, आणि मगच खाने आखतो. कारण ठोका माणसागणिक वेगळा. माझ्या बायकोच्या ठोक्यानं इंचात चार-पाच ओळी जास्त बसतात. एका बांगडीत दोघांचा हात लागू द्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम.

बांगडी अवघड का, तेही सांगतो. वेल तिरकी जाते, तिथे गाठ प्रत्येक ओळीला एक-एक धागा सरकते आणि हात वाहत राहतो. बांगडीची उजवी-डावी बाजू उभी असते. तिथे कितीतरी ओळी एकाच धाग्यावर गाठ घ्यावी लागते. सैल पडली तर भोक दिसतं, ओढली तर कापड आकसतं. नवीन पोराला आधी असावली देतात. ती नक्षी मोठ्या मानाची आहे, खुद्द माधवराव पेशव्यांनी पैठणहून असावलीचे दुपट्टे मागवले होते. पण शिकायला सोपी पडते, कारण पानाची कड एखादा धागा इकडेतिकडे झाली तरी ते पानच राहतं. बांगडी मात्र लगेच चुगली करते.

राहिलं सोनं. यात तुमच्या दुकानदारांचं म्हणणं अर्धं खरं. जुनी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. आज बहुतेक साड्यांत सुरतेची टेस्टेड जर असते, तिच्यात तार तांब्याची. घासलेल्या जागी भिंगातून बघा: आत पांढरं दिसलं तर चांदी, लालसर दिसलं तर तांबं. जाळून-बिळून बघू नका. जर जाळून सोनं-चांदी काढायच्या नादात किती पैठण्या भट्टीत गेल्या, आजोबा सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

पण तुम्ही 'आतून ऊब' म्हणालात, त्याचं कारण मला वेगळं वाटतं. पदराची जमीन जरीची असते, म्हणजे बाणा जरीचा. ताणा मात्र साडीच्या अंगाचाच पुढे आलेला असतो, रेशमाचा. जर त्याला पूर्ण झाकत नाही. जरीच्या दर दोन ओळींमधून ताण्याचा रंग ठिपक्यासारखा डोकावतो. हिरव्या ताण्यावरचं सोनं थंड दिसतं, लाल ताण्यावरचं तापलेलं. जर तीच.

म्हणून एक विचारतो. अंग तपकिरी असं तुम्ही लिहिलंय. तो रंग मुळातलाच आहे याची खात्री आहे का? त्या काळी ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, अशी धूपछाव फार करत. त्यातला एक रंग उडाला तर तिसराच रंग उरतो. तो परकर अजून आहे का? असेल तर नेफा उसवा. नेफ्याच्या आत ऊन गेलेलं नसतं. तिथून दोन्ही बाजूंचा एकेक धागा सोडवा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून सांगा.

चाटीगल्ली_सोलापूर

खड्डामाग दादांनी छान लिहिलंय. एका बाबतीत मात्र जॅकार्डच्या, म्हणजे दादांनी सांगितलेल्या त्या नक्षीच्या यंत्राच्या, बाजूनं बोलायला हवं, कारण ताईंच्या साडीचा दोष जॅकार्डचा नाही. खोटं बोलून विकण्याचा आहे.

आम्ही सोलापूरचे पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं मारायचे, मी आता संगणकावर डिझाईन करतो. फ्रान्समध्ये लिऑं शहरात १८०४ च्या सुमारास जाकार नावाच्या माणसानं हे यंत्र पुढे आणलं. पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोकं. जिथे भोक तिथे सुई आत जाते आणि तो ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे धागा खाली राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक ओळ. माणसानं डोक्यात ठेवायची नक्षी पुठ्ठ्यावर साठवता आली, ही काही लहान गोष्ट नव्हे. वडील पियानो मशीनवर बसायचे, दहा बोटांनी कळा दाबायच्या आणि पायानं पत्ता कापायचा. त्यांचे हात घरी जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर तसे हलायचे.

आता ताईंचा पदर पत्त्यांवर बसवायचा तर काय होईल, ते मोजून दाखवतो. पदर ३० इंच धरू. इंचाला ६० ओळी, म्हणजे १८०० ओळी. जमिनीच्या बाण्याला दर ओळीला एक पत्ता. मोराला निळा, हिरवा, लाल असे तीनच जादा रंग धरले तरी दर ओळीला आणखी तीन. एकूण ७२०० पत्ते. शिवाय चार मोर एकमेकांपेक्षा जरा जरी वेगळे असतील, तर पूर्ण रुंदीचे धागे स्वतंत्र उचलता यायला हवेत, म्हणजे तेवढ्या हुकांचं मोठं यंत्र. हा खर्च कुणी एका साडीसाठी करत नाही. मग काय करतात? एकच मोर काढतात आणि चारदा उमटवतात. पाच रंगांचे दोन करतात. असावली छोटी करून तीच तीच फिरवतात. आज इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर पत्ते लागत नाहीत, पण रंग वाढले की बाण्याच्या ओळी वाढतात आणि मागचे लोंबते धागेही वाढतात, ते गणित तसंच राहतं.

ताई, दोन्ही साड्यांचे मोर शेजारी ठेवून बघा. नवीन साडीतले चारही मोर धाग्यापर्यंत एकसारखे असणार. आजीच्या साडीत शेपटीची पिसं मोजा.

जॅकार्ड जिथे शोभतं तिथे त्याला तोड नाही. सोलापुरी चादर उलटी करून बघा. वर जिथे लाल फूल आणि पांढरी जमीन, तिथे खाली पांढरं फूल आणि लाल जमीन. त्यात कातरायला एकही धागा नाही, कारण ते कापड त्या यंत्राचा विचार करूनच आखलेलं असतं. आम्हाला वाईट वाटतं ते यासाठी, की आमच्या यंत्राकडून दुसऱ्याच्या हाताची सही करवून घेतात आणि मग दोघांचीही किंमत जाते.

रफूवाली

नगरवाली ताई, मोजामोजी सुरू करायच्या आधी एक विनंती. मी पुण्यात जुन्या साड्यांचं रफू करते. साडी हातात धरून ताणू नका. जर जड असते आणि म्हातारं रेशीम तिचं वजन पेलत नाही, म्हणून घडीवरच फाटतं. पलंगावर स्वच्छ पांढरी चादर अंथरा, पदर तिच्यावर सपाट पसरा आणि भिंग त्याच्याजवळ न्या. हँगरला लावत असाल तर आजच काढा. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. आणि फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावली असेल तर ओढून काढू नका, मला आधी फोटो पाठवा.

नगरवाली

चार दिवस लागले उत्तर द्यायला, कारण परकर शोधायला आईकडे गेले होते. माळ्यावरच्या ट्रंकेत होता, आतल्या बाजूला माझं नाव घातलेलं.

नेफा उसवला. दादा, काय लिहू? आत बोटभर रुंदीची पट्टी निघाली आणि ती तपकिरी नाहीच. वांगी रंग आहे. गडद, लखलखीत, हलवली की लाल झाक मारणारा वांगी. आई माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "हाच तो रंग, मी विसरलेच होते."

तुम्ही सांगितल्याप्रमाणे शिलाईच्या कडेचे दोन धागे सुईनं सोडवले आणि पोस्टकार्डावर ठेवले. एक कुंकवासारखा लाल, दुसरा गर्द निळा. परकराच्या बाहेरच्या भागातून तसेच दोन धागे काढले, तर लाल अजून बराचसा लालच आहे आणि निळ्याचा नुसता राखाडी उरलाय. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला तपकिरी म्हणत होतो, तो निळा उडाल्यावर उरलेला रंग होता.

मग रफूवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे चादर अंथरून पदर पसरला आणि भिंग लावलं. सोन्याच्या ओळींमधून लाल ठिपके दिसतात! एकसारखे, बारीक, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. नव्या साडीत त्याच जागी तपकिरी ठिपके आहेत. माझ्या 'ऊब' या शब्दाला कुणी हसेल असं वाटलं होतं.

मोराच्या मानेवरचे अडकवलेले धागेही दिसले. घासलेल्या जागी जर आतून पांढरी आहे. आणि सोलापूरच्या दादांसाठी: पिसं मोजली. डावीकडून अकरा, अकरा, बारा, अकरा. नवीन साडीत चारही मोरांना नऊ.

एका इंचात ताण्याचे धागे मोजायचा प्रयत्न केला, तीनदा तीन आकडे आले. ते मला जमणार नाही.

दादा, तुम्ही विणाल का? आणि माघापर्यंत होईल का?

खड्डामाग

ताई, नेफ्याचं वाचून मी बायकोला हाक मारली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

आता सगळं जुळतंय. लाल ताणा, निळा बाणा. अंगात दोघं एकमेकांना छेदतात म्हणून वांगी. पदरात निळा बाणा निघून जातो, त्याच्या जागी जर येते, आणि खाली उरतो फक्त लाल. ज्यानं ती साडी योजली, त्यानं एकाच ताण्यात अंगाचा वांगी आणि पदराचं तापलेलं सोनं अशा दोन्ही गोष्टी धरल्या. तुमच्या नव्या साडीत फोटोवरून तपकिरी ताणा घातला. फोटोला काय कळणार की तपकिरीच्या पोटात लाल आहे!

ताण्याचे धागे मी मोजतो, साडी घेऊन या. इथे काउंट ग्लास (धागे मोजायचं भिंग) आहे, पाच ठिकाणी मोजून मधला आकडा धरू. चिंता नको.

वेळेचं मात्र खरं सांगतो. रेशीम बेंगळुरूहून येतं, त्याचा डिंक उकळून काढावा लागतो, त्यात वजनाचा चौथा हिस्सा जवळजवळ जातो. मग रंगाई, असारीवर (लडी चढवायच्या फिरत्या चौकटीवर) उकलणं, ताणा करणं. मागावर जुन्या ताण्याच्या शेपटाला नव्याचा एकेक धागा सांधायचा, त्यालाच दिवस जातात. साडीचं अंग लवकर होतं. पदर मात्र चार बांगडी मोर आणि दोन असावल्या असा असेल, तर एखाद्या दिवशी बोटभरच सरकतो. बांगडीत एकाच हातानं बसायचं म्हटल्यावर पाळी करूनही वेग वाढत नाही. सगळं धरून मला सात-आठ महिने लागतील. माघापर्यंत होणार नाही. होईल म्हणणारा भेटला तर त्याचा पदर उलटा करून बघा.

दोन वाटा आहेत. माघातच हवी असेल तर ताणा-बाणा हाच ठेवू, पदर लहान करू, मोर न घालता एक असावली आणि मुनियांची रांग. ते वेळेत देईन. पूर्ण पदर हवा असेल तर थांबावं लागेल. घरात विचारा. फक्त लवकर सांगा, कारण माझ्या मागावरचा ताणा या महिन्याअखेर संपतोय. पुढचा चढवला की तीन साड्या त्याच रंगाच्या निघतात, मधे बदल करता येत नाही. लाल चढवायचा तर आत्ताच ठरवायला हवं.

जर टेस्टेड घ्यायची की चांदीची, हे तुमच्या खिशाप्रमाणे. लाल ताण्यावर चांगली टेस्टेडही उठून दिसते. मी दोन्हीचे वीतभर नमुने विणून ठेवतो, समोर ठेवून निवडा.

चाटीगल्ली_सोलापूर

बारा पिसांचा तिसरा मोर! ताई, पिसांचे जवळून फोटो टाका ना. त्या विणकरानं जागा कशी काढली ते बघायचंय. बाराव्या पिसासाठी त्याला बांगडीच्या आत दोन-तीन धाग्यांची हद्द दुसरीकडून उसनी घ्यावी लागली असणार.

नगरवाली

फोटो उद्या टाकते, आज उजेड गेला.

मुलीशी बोलले. तिला सगळं वाचून दाखवलं, पिसांसकट. ती म्हणाली, लग्नात आईची साडी नेसेन, ती आहेच. ही दिवाळसणाला द्या. लहान पदर नको, चारही मोर हवेत, आणि तिसऱ्याला बारा पिसं.

मी आणि आई येत्या रविवारी साडी घेऊन येवल्याला येतोय. परकरही आणते.

खड्डामाग

या. दिवाळसण म्हणजे वेळ भरपूर आहे, घाईनं हात बिघडणार नाही. लाल ताणा धरतो.

परकराच्या नेफ्याला पुन्हा शिलाई घालू नका. रंगाऱ्याला निळा जुळवायला ती उसवलेली पट्टीच दाखवायची आहे, आणि ती दिव्याखाली दाखवून चालत नाही. सकाळी दहाच्या आत पोचा, म्हणजे अंगणात उन्हात धरून बघता येईल. येताना एसटीनं येणार असाल तर साडी मांडीवर ठेवा, वर टाकू नका.